ईमेलमधून फाइल पाठवताना आणि उघडताना घ्यायची काळजी

अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नये, हा सल्ला बहुतेकांना पाठ आहे. मात्र तो अपुरा आहे, कारण नुकसान करणारी फाइल पुष्कळदा ओळखीच्याच नावाने येते. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा विषाणू याच मार्गाने फिरला. एकाच्या संगणकात शिरला की तो त्याच्या पत्त्यांच्या यादीतील सर्वांना आपोआप ईमेल पाठवत असे, त्यामुळे घेणाऱ्याला ते पत्र मित्राचे किंवा कचेरीतील सहकाऱ्याचेच वाटे. म्हणून पाठवणाऱ्याचे नाव ओळखीचे आहे का, यापेक्षा ही फाइल येणार हे आपल्याला आधी ठाऊक होते का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा ठरतो.

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे अडते, तासगावचे बेदाणा व्यापारी, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार आणि त्यांचे करसल्लागार यांच्यात दिवसभर बिले, कोटेशन, हिशोबपट्ट्या आणि बँकेची विवरणपत्रे फिरत असतात. या गर्दीत खरी फाइल वेगळी ओळखू यावी, ही जबाबदारी घेणाऱ्याइतकीच पाठवणाऱ्याचीही आहे. विषयाची ओळ कोरी, मजकुराच्या जागी ‘पाहा’ एवढाच शब्द आणि खाली फाइल, असे ईमेल जो रोज पाठवतो, तो समोरच्याला डोळे मिटून फाइल उघडण्याची सवय लावतो आणि भामट्याचे काम सोपे करतो. त्याऐवजी कोणत्या व्यवहाराची, किती तारखेची आणि कोणत्या प्रकारची फाइल जोडली आहे हे मजकुरात स्पष्ट लिहावे, आणि फाइल पैशाशी संबंधित असेल तर ‘बिल पाठवतो आहे’ असे आधी फोनवर सांगावे. न कळवता आलेली फाइल उघडण्यापूर्वी घेणाऱ्याने पाठवणाऱ्याला फोन करावा. परंतु तो आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर करावा, त्या ईमेलखाली छापलेल्या क्रमांकावर नव्हे.

त्यानंतर फाइलचे पूर्ण नाव पाहावे. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे नावातील शेवटच्या टिंबापुढची अक्षरे सांगतात, आणि विंडोज नेमकी तीच अक्षरे मुळात लपवून ठेवते. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ या नावाची फाइल पडद्यावर ‘बिल.पीडीएफ’ एवढीच दिसते. ‘आय लव्ह यू’ने याच सोयीचा फायदा घेतला होता, तरीही इतक्या वर्षांनंतर ही अक्षरे लपवण्याची पद्धत तशीच चालू ठेवावी, याचे आश्चर्य वाटते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि त्यात ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ यावर खूण केली की पूर्ण नाव दिसू लागते. ही सुधारणा कचेरीतील प्रत्येक संगणकावर आजच करून घ्यावी. शेवटी ईएक्सई, एससीआर, बीएटी, जेएस किंवा व्हीबीएस असेल तर ते कागदपत्र नसून संगणकाला आज्ञा देणारा प्रोग्राम असतो, आणि कोणत्याही व्यापाऱ्याला बिल पाठवण्यासाठी त्याची गरज पडत नाही. अँड्रॉइड मोबाइलवर हेच काम एपीके, म्हणजे ॲप बसवणारी फाइल करते. लग्नपत्रिका किंवा वाहनाचे चलन अशा नावाने आलेली एपीके फाइल उघडून ॲप बसवले, तर ते बँकेचे ओटीपी वाचू शकते. एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची फाइल उघडल्यावर ईमेलचा पासवर्ड मागणारे पान दिसले, तर तेथे काहीही न भरता ते बंद करावे.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींमध्ये मॅक्रो नावाच्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा दडवता येतात. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केली. परंतु अनेक दुकानांत ऑफिसच्या जुन्या आवृत्त्या अजून चालतात आणि त्यांत वरच्या पिवळ्या पट्टीवर ‘एनेबल कंटेंट’ हे बटण दिसते. मजकूर वाचण्यासाठी हे बटण दाबा, असे जी फाइल स्वतःच सांगते, ती बंद करावी. ज्या झिप फाइलला पासवर्ड आहे आणि तो त्याच ईमेलमध्ये लिहिलेला आहे, तिच्याबद्दलही सावध असावे, कारण कुलूपबंद फाइलच्या आत काय आहे हे ईमेल सेवेच्या विषाणू तपासणीला दिसत नाही.

सर्वांत महाग पडणारी फसवणूक मात्र अशा फाइलीतून होते जिच्यात विषाणू नसतोच. एखाद्या द्राक्ष निर्यातदाराच्या किंवा त्याच्या परदेशी खरेदीदाराच्या ईमेलचा पासवर्ड चोरीला गेला, तर चोर लगेच काही करत नाही. तो पत्रव्यवहार वाचत राहतो, कंटेनर कधी निघाला, कोणती रक्कम बाकी आहे, पत्रे कोणत्या भाषेत लिहिली जातात हे समजून घेतो, आणि पैसे देण्याची वेळ आली की त्याच पत्रव्यवहाराच्या मालिकेत तेच लेटरहेड वापरलेले बिल पाठवतो. त्यात फक्त बँक खात्याचा क्रमांक बदललेला असतो. पाठवणाऱ्याचा पत्ताही जवळजवळ तोच असतो. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी ठेवली तर घाईत फरक कळत नाही, आणि चोर खऱ्याच खात्यातून लिहीत असेल तर तेवढाही फरक राहत नाही. अँटीव्हायरस येथे काहीच करू शकत नाही, कारण फाइल खरोखरच निर्दोष पीडीएफ असते. म्हणून बँक खाते बदलल्याची सूचना कोणत्याही ईमेलमध्ये आली, तरी आपल्याकडच्या जुन्या फोन क्रमांकावर प्रत्यक्ष बोलून खात्री झाल्याशिवाय रक्कम पाठवायची नाही, असा नियम दिवाणजीपासून मालकापर्यंत सर्वांनी पाळावा. समोरच्याला याचा राग येणार नाही. व्यापारात खात्री करून घेण्याला कोणी अविश्वास म्हणत नाही.

जीएसटी किंवा प्राप्तिकराची नोटीस म्हणून आलेल्या फाइलीबाबत एवढेच करावे की ती न उघडता, ईमेलमधील लिंकही न वापरता, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करावे. नोटीस खरी असेल तर ती तेथे दिसते.

पाठवतानाच्या चुका वेगळ्या असतात. एक्सेलमध्ये लपवलेले रकाने आणि पाने फाइलबरोबरच जातात, त्यामुळे एका गिऱ्हाइकाला दरपत्रक पाठवताना दुसऱ्याचे दर त्याच्या हाती पडू शकतात. म्हणून केवळ दाखवायचा तेवढा भाग वेगळ्या पीडीएफमध्ये काढून पाठवावा. पीडीएफमधील आकड्यांवर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर अनेकदा जसाच्या तसा राहतो आणि कॉपी करून वाचता येतो. घेणाऱ्याचा ईमेल पत्ता सर्वांत शेवटी भरावा, कारण दोन अक्षरे टाइप होताच ईमेल सेवा नावे सुचवू लागते आणि सांगली जिल्ह्यात ‘पाटील’ लिहिल्यावर किती पाटील समोर येतील हे सांगायला नको. जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘अनडू सेंड’ची मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवावी.

ओळखीसाठी आधार पाठवणे भाग असेल, तर पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार चालेल का, हे आधी विचारावे. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, परंतु तो नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष यांचा बनलेला असल्याने माहीतगार माणसाला तो ओळखणे सोपे जाते. स्वतः पासवर्ड लावायचा असल्यास जन्मतारीख किंवा पॅन न वापरता वेगळा पासवर्ड ठेवावा आणि तो त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल ड्राइव्हच्या लिंकने जाते. ती लिंक ‘एनीवन विथ द लिंक’ अशी खुली न ठेवता विशिष्ट पत्त्यापुरती ठेवावी.

झेरॉक्सच्या दुकानाच्या ईमेलवर सातबारा, आधार आणि बँक पासबुक पाठवून छापून घेण्याची पद्धत सांगलीच्या विश्रामबागेपासून मिरजेच्या स्टेशनपर्यंत सर्वत्र आहे. दुकानदार प्रामाणिक असला तरी ती कागदपत्रे त्याच्या इनबॉक्समध्ये आणि डाउनलोड फोल्डरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहतात, आणि त्या संगणकावर दिवसभर कोणीही बसते. शक्य असेल तेथे पेनड्राइव्हवर केवळ तेवढीच फाइल न्यावी; ईमेलच करावा लागला तर छपाई झाल्यावर समोरच फाइल आणि ईमेल दोन्ही काढून टाकायला सांगावे, त्यानंतर रीसायकल बिन आणि ईमेलचे ट्रॅशही रिकामे करून घ्यावे.

संशयास्पद फाइल उघडली गेलीच, तर संगणकाचे इंटरनेट तत्काळ तोडावे आणि दुसऱ्या यंत्रावरून ईमेलचा पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, सुरू करावी. त्याच वेळी सेटिंगमध्ये आपली पत्रे परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा एखादा नियम कोणी लावून ठेवला आहे का, हे अवश्य तपासावे, कारण तो राहिला तर पासवर्ड बदलूनही चोर वाचतच राहतो. पैसे गेले असतील तर प्रथम बँकेला आणि लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. मूळ ईमेल मात्र रागाच्या भरात पुसून टाकू नये किंवा ‘हे पाहा’ म्हणून इतरांना पुढे पाठवू नये, कारण सायबर पोलिसांना तपासासाठी तोच लागतो.