चालताना पाय भरून येतात: कारण कमरेत आहे का, हे कसे ओळखावे
पन्नाशीनंतर मणक्यांमधील चकतीतले पाणी कमी होऊन ती चपटी होते, मागचे सांधे व अस्थिबंध जाड होतात आणि कमरेतील नसांचा मार्ग अरुंद होतो. त्यामुळे थोडे चालताच पाय जड पडतात, मुंग्या येतात. अशा वेळी आधी नुसते उभे राहून पाहावे. उभ्याने त्रास तसाच राहून, बसल्यावर किंवा ओट्यावर हात टेकून पुढे वाकल्यावरच आराम पडत असेल, तर दोष बहुधा मणक्यांत असतो. रक्तवाहिनी अरुंद असल्यास पोटरीचे दुखणे उभे राहूनही थांबते. एमआरआयमधील झीज पाहून घाबरू नये, कारण काहीच न दुखणाऱ्यांतही ती सर्रास आढळते. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरता आली किंवा पाऊल लुळे पडले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.