टेबलावर मावेल एवढे चित्र

परदेशात चित्रकार म्हणून पाय रोवू पाहणाऱ्यांनी चित्रकार आणि कवयित्री एतेल अदनान यांचा जीवनक्रम नीट अभ्यासावा, असे मी आग्रहाने सांगेन. १९२५ साली बैरूतमध्ये जन्मलेल्या अदनान पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकल्या, पुढे अमेरिकेत आल्या आणि १९५८ पासून कॅलिफोर्नियातील सान राफाएलच्या महाविद्यालयात तोच विषय शिकवू लागल्या. त्यांनी रंग हाती घेतले ते तिथे, तिशी उलटल्यावर. स्वतः चित्र न काढता कलेचे तत्त्वज्ञान कसे शिकवता, असे कला विभागातील ॲन ओ'हॅनलन यांनी त्यांना विचारले. आपल्या हाताला वळण नाही असे आई म्हणत असे, हे अदनान यांचे उत्तर होते. त्यावर, तुम्ही ते खरे मानलेत का, असा ओ'हॅनलन यांचा प्रतिप्रश्न होता. गुरू असावा तर असा. गॅलऱ्यांच्या ओळखी करून देणाऱ्यांच्या मागे धावण्यात वर्षे घालवू नयेत.

मी ज्यात अडकले ती गोष्ट मात्र वेगळी होती: चित्राचा आकार. संग्रहालयांतील भव्य कॅनव्हास पाहून मी सहा फुटी चित्रांसाठी जागा भाड्याने घेतली. भाड्यासाठी दुसरी नोकरी धरली आणि चित्र काढायला रविवारच काय तो उरला. कॅनव्हास महाग, म्हणून तो बिघडेल ही भीती; भीतीमुळे प्रत्येक चित्र महिनोन्‌महिने रेंगाळायचे. दोन वर्षांत नऊ चित्रे झाली. जागा सोडताना ती चौकटीवरून उतरवून गुंडाळावी लागली आणि जाड रंगाला तडे गेले. हानी केवळ पैशांची नव्हती. हात रोज चालला तरच डोळा तयार होतो, आणि माझा हात थांबला होता.

अदनान लहान कॅनव्हास टेबलावर आडवा ठेवत, ट्यूबमधला रंग पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या पातळ सुरीने, थेट लावत आणि बहुधा एका बैठकीत चित्र पुरे करत. कॅलिफोर्नियातीलच सॉसालिटोच्या घरातून दिसणारा तामाल्पाइस पर्वत त्यांनी पुनःपुन्हा रंगवला, तो त्यामुळेच शक्य झाला असावा. शिवाय १९७२ मध्ये बैरूतला परतल्यावर तीन वर्षांत यादवी युद्ध पेटले आणि त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. घडी घालता येणाऱ्या जपानी पुस्तिकांत त्या चित्रे आणि कविता एकत्र उतरवत. स्थलांतरिताच्या सामानात अशी कला सहज मावते.

घाबरू नका, उशीर झालेला नसतो. जर्मनीतील कासेल शहरात भरणाऱ्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनातून २०१२ मध्ये जगाचे लक्ष त्यांच्या चित्रांकडे वळले, तेव्हा त्या ८७ वर्षांच्या होत्या. पण याच उदाहरणाच्या भरवशावर नोकरी सोडू नका. आधी अध्यापन आणि नंतर लेखन, हे त्यांच्या आयुष्यात चित्रांच्या जोडीला होतेच.

मी आता स्वयंपाकघरातील टेबलावर वीतभर कॅनव्हास घेऊन बसते. नोकरीवर निघण्यापूर्वी तासभर मिळतो, आणि आठवड्याला तीन चित्रे होतात.