फॅटी लिव्हरची स्लाइड वाचायला बसताना

परळच्या आमच्या विभागात नवा रेसिडेंट आला की मी त्याला आधी काच नुसत्या डोळ्यांनी बघायला लावते. सुईने काढलेला लिव्हरचा तुकडा दीड सेंटिमीटर तरी आहे का? तोकडा असेल तर रिपोर्टात तसं लिहा. अशा तुकड्यात फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमधला व्रण, कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका.

चरबी छोट्या लेन्सवर मोजा. चाळीसच्या लेन्सवर सगळं लिव्हर चरबीचंच वाटतं. खरं तर काचेवर चरबी नसतेच. काच तयार करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये ती विरघळते, उरतात गोल पांढरी भोकं. चरबीच्या पेशी ५ टक्क्यांच्या आत असतील तर शून्य गुण, ३३ पर्यंत एक, ६६ पर्यंत दोन, पुढे तीन. जुलैत काच धुरकट दिसली तर आधी अल्कोहोल बदलून घ्या, हवेतली ओल त्यात उतरलेली असते.

बलूनिंगला, म्हणजे आजाराने फुगलेल्या पेशी शोधायला, मात्र वेळ द्या. सेंट्रल व्हेनच्या (लिव्हरच्या प्रत्येक छोट्या भागाच्या मधोमध असलेल्या शिरेच्या) आसपास शोधा, मोठ्या माणसांत आजार बहुधा तिथेच आधी दिसतो. फुगलेली पेशी शेजारणीपेक्षा चांगलीच मोठी, कोपरे गेलेली, आतला गुलाबी रंग पिंजलेल्या कापसासारखा विरलेला. चरबीनेही पेशी फुगते, पण तिच्या भोकाची कड रेखीव असते. मोजक्या दिसल्या तर एक, भरपूर असतील तर दोन. इथे दोन पॅथॉलॉजिस्टांचं जमत नाही ते नेहमीचंच. मी सरळ शेजारच्या टेबलावर काच सरकवते.

सुजेचे पुंजके वीसच्या लेन्सवर मोजा, त्यांना तीनपर्यंत गुण. एकूण बेरीज आठपैकी. ही पद्धत २००५ची. बेरीज पाच झाली म्हणून लगेच स्टिआटोहेपटायटिस (चरबीसोबत सूज आणि पेशींची इजा) लिहू नका, निदान बेरजेवर ठरत नाही.

फायब्रोसिस ट्रायक्रोमवर, म्हणजे व्रण निळा दाखवणाऱ्या रंगावर, बघा, तो बेरजेत धरत नाहीत. त्याची स्टेज वेगळी, शून्य ते चार. इथे मी एकदा सपशेल फसले होते. निळ्या पट्ट्यात छोटी आर्टरी दिसली, मी पोर्टल ट्रॅक्ट धरला (तिथे आर्टरी, शीर आणि पित्ताची नळी म्हणजे बाइल डक्ट एकत्र असतात), डक्ट सापडेना, आणि ‘बाइल डक्ट नाहीसे’ असं लिहायच्या बेतात होते. निघाली ती सेंट्रल व्हेन. व्रण वाढला की तिथेही आर्टरी शिरते.

आजार दारूमुळे की डायबेटिसमुळे, हे काच बहुतेकदा सांगत नाही. वॉर्डला फोन लावा. ‘सोशली घेतात’ असं उत्तर आलं तर सोशली म्हणजे आठवड्याला किती, तेही विचारा.