तंजावर शैलीतील शंख, चक्र आणि नाम: सोने चढवण्याआधीचे काम

तंजावर शैलीची चित्रकला शिकायला घेणारे बहुतेक जण पहिल्या फळीवर बाळकृष्ण किंवा गजलक्ष्मी न काढता शंख, चक्र आणि नाम (वैष्णवांचा कपाळावरचा उभा टिळा), एखादा ॐकार किंवा श्रीचक्र काढायला घेतात. त्यामागचा विचार चुकीचा नाही. चेहरा नसल्यामुळे डोळे उघडण्याची, म्हणजे चेहऱ्यावर डोळे रंगवण्याची धास्ती राहत नाही, बोटांची ठेवण जमते की नाही ही चिंता राहत नाही, आणि चित्र पूर्ण झाले की ते देवघरात लावताही येते. मात्र हा विषय सोपा आहे, अशा समजुतीने कोणी सुरुवात करत असेल, तर त्याने आधी पुढचे वाचावे. बाळकृष्णाच्या चित्रातले सोने दागिने, प्रभावळ, खांब आणि झालर यांत विभागले जाते, आणि मधल्या रंगांमुळे किरकोळ उणिवा झाकल्या जातात. चक्राच्या सपाट, सलग सोन्यात तशी सोय नसते. तिथे केसाएवढी भेगही दिवा लावल्याबरोबर दिसते.

या कलेशी मराठी माणसाचे नाते जुने आहे, एवढेच येथे सांगते. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली. नायकांच्या काळापासून तिथे रुजलेल्या या चित्रशैलीला या दरबाराचा आश्रय मिळाला आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1798 ते 1832 या काळात, ती विशेष बहरली. प्रत्यक्ष काम करणारे कारागीर मुख्यतः राजू समाजाचे होते, हे मात्र आपल्याकडे अभिमानाच्या भरात सांगायचे राहून जाते. जमल्यास तंजावरच्या राजवाड्याला आणि सरस्वती महाल ग्रंथालयाला एकदा भेट द्यावी. जुन्या फळ्यांवरचा उठाव, म्हणजे सोन्याखाली लुकणाने दिलेला उंचवटा, किती संयमित आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिले, की हल्लीच्या बाजारातली फुगवलेली चित्रे आपोआप नजरेत खुपू लागतात.

रेखाटनाबद्दल दोनच सूचना आहेत. विष्णूच्या वरच्या उजव्या हातात चक्र आणि डाव्या हातात शंख असतो, त्यामुळे पाहणाऱ्याच्या डावीकडे चक्र आणि उजवीकडे शंख यायला हवा. ट्रेसिंग पेपर उलटा ठेवला गेला तर ही जागा बदलते, आणि मधले नाम दोन्ही बाजूंनी सारखे असल्यामुळे ती अदलाबदल लक्षातही येत नाही. दुसरी सूचना नामाविषयी आहे. वडकलै परंपरेचे नाम इंग्रजी यू अक्षरासारखे वळते, तर तेनकलै परंपरेच्या नामाला खाली नाकाच्या दिशेने उतरणारा पाय असतो. तमिळ वैष्णव घरांत हा फरक सजावटीचा मानला जात नाही. चित्र कोणासाठी करायचे आहे हे ठाऊक असेल, तर पेन्सिल हातात घेण्यापूर्वीच त्यांना विचारून घ्यावे.

फळीबद्दलही थोडक्यात सांगते. पूर्वी फणसाच्या लाकडाची फळी घेत आणि तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवत. आता बहुतेक सगळे प्लायवूड आणि फेविकॉल वापरतात, आणि त्यात काही गैर नाही. प्लायवूडची मागची बाजूही बंद करून घ्यावी, नाहीतर एकाच बाजूला ओलावा पोचून फळीला बाक येतो. कापडावर खडूची पूड आणि डिंक यांचे पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने घासून घ्यावा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले त्या मुद्द्याकडे येते. खडूची पूड आणि डिंक यांच्या ज्या लुकणाने आपण उठाव देतो आणि क्लासमध्ये ज्याला सरसकट मक म्हणतात, ते बाहेरून वाळणे आणि आतून वाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लुकण वरून लवकर कोरडे दिसते, हाताला खडबडीत लागते आणि पांढरेशुभ्र होते. आत मात्र, विशेषतः चक्राच्या तुंब्यापाशी आणि शंखाच्या पोटाशी जिथे थर जाड असतो तिथे, ओल तशीच राहते. त्यावर सोन्याचा वर्ख बसवला की त्या ओलीची बाहेर पडण्याची वाटच बंद होते, कारण धातूच्या पापुद्र्यातून हवा जात नाही. डिंक मुळातच ओल धरून ठेवणारा असल्यामुळे तो आत मऊ राहतो. सुरुवातीला काहीच बिघडलेले दिसत नाही, उलट ओलसर उठावावर वर्ख खाचांत सुरेख बसतो आणि आपण खूश होतो. काही आठवड्यांनी चक्राच्या आऱ्यांच्या कडेला वर्ख सुरकुततो, मग तिथे बारीक भेग येते आणि एखाद्या दमट कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके उमटतात. वर्ख नकली असेल तर त्यातले तांबे काळवंडते आणि चित्र वर्षभरात जुने दिसू लागते.

मी ज्या वर्गात शिकले तिथे उठाव रात्रभर ठेवला की वाळतो असे सांगितले जाई, आणि सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांचा सगळा अनुभव तमिळनाडूतला होता. तंजावरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर पडतो. जून-जुलैत तिथे ऊन असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ठाण्यात किंवा रत्नागिरीत कपाटातली पुस्तकेसुद्धा वाकतात. कृती तीच, खडू तोच आणि डिंकही तोच. हवा मात्र वेगळी, आणि कृतीच्या कागदावर हवेचा उल्लेख नसतो. माझी पहिली काही चित्रे याच कारणाने गेली. त्यावर मला मिळालेले उत्तर, म्हणजे माझा हात जड आहे, हे चुकीचे होते असे माझे आजही मत आहे.

उठाव खरोखर वाळला आहे का, हे ओळखण्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. फळी हाताच्या पाठीला किंवा गालाला लावून पाहावी, कारण ओल उडत असेल तर ती जागा बाकीच्या फळीपेक्षा गार लागते. सर्वांत जाड भागाच्या कडेला नख हलकेच दाबावे, खूण उमटली तर अजून थांबावे. तिसरी गोष्ट सर्वांत खात्रीची आहे: जाड भागावर पातळ प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून रात्रभर ठेवावा आणि सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव धरले आहे का ते पाहावे. दव दिसले तर वर्खाचे पाकीट उघडूही नये. वाळवण्याची घाई म्हणून फळी उन्हात ठेवणे हा तर दुसरा खड्डा आहे. उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि चिखल सुकल्यावर तळ्याच्या काठाला पडतात तशा भेगा पडतात. पंख्याची वाहती हवा, सावली, आणि एका जाड थराऐवजी तीन-चार पातळ थर, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, एवढे पाळले तर कोकणातल्या पावसातही काम होते. वेळ लागतो, पण होते.

लुकणाचे प्रमाण कोणी वाटीच्या मापाने सांगत असेल तर त्यावर फार विसंबू नये. डिंक जास्त झाला की उठाव आकसून तडकतो, कमी झाला की बोटाला पूड लागते. डिंकाचे खडे आदल्या रात्री भिजत घालावेत, सकाळी फडक्यातून गाळून घ्यावेत आणि खडूची पूडही चाळून घ्यावी. कुंचल्याच्या टोकावरून उतरणारा थेंब फळीवर पडल्यावर पसरला नाही आणि त्याला शेंडीही राहिली नाही, की लुकण जमले. चक्राभोवतीची मण्यांची ओळ याच थेंबांनी होते, आणि ती जमू लागली की आपल्यालाही हे जमेल असा विश्वास वाटतो. तो रास्त असतो. या कामात हाताला वळण लागायला वेळ लागतो, पण एकदा लागलेले वळण सहसा जात नाही.

कोनातून पिळायच्या तयार थ्री-डी लायनरबद्दल आणि एम-सीलबद्दल माझे मत चांगले नाही. ते वाळतात लवकर, हे खरे आहे. परंतु त्यांचा उठाव दोरीसारखा एकाच जाडीचा येतो, आणि शंखाच्या वळणावर जो चढउतार लागतो तो त्यात मिळत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळांचेही तसेच आहे. तिथे उठाव आधीच वाळवून ठेवलेली फळी हाती देतात आणि विद्यार्थी फक्त सोने लावून घरी जातो, म्हणजे अडचणीचा भाग त्याच्या दृष्टीलाही पडत नाही. गुरू निवडताना त्यांची ताजी चित्रे पाहून भारावून जाऊ नये. त्यांनी दोन पावसाळ्यांपूर्वी केलेले एखादे चित्र दाखवायला सांगावे आणि ते तिरप्या उजेडात धरून पाहावे.

वर्ख लावण्याचे काम त्या मानाने आनंदाचे आहे. उठावावर पातळ कागद ठेवून बोटाने घासला की आकाराचा ठसा उमटतो. त्या ठशाच्या किंचित बाहेरून वर्ख कापावा, डिंकाचे पाणी लावून बसवावा, आणि कापसाने मधून कडेकडे दाबत न्यावा, म्हणजे हवा आत अडकत नाही. कडेचा जादा भाग धारदार पात्याने काढावा. सरावासाठी नकली वर्ख जरूर वापरावा, मात्र ते चित्र विकायचे झाल्यास तो नकली आहे हे सांगून विकावे. खरा वर्ख घेतल्याचे बिल जपून ठेवावे, कारण ग्राहक पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.

चौकट करताना काच उठावाला टेकणार नाही एवढी पोकळी मध्ये ठेवायला सांगावे. ऑर्डर घेत असाल तर आपल्याकडचे वेळापत्रक पावसाला धरून आखावे. गणपतीला द्यायच्या चित्राची फळी आणि उठाव मे महिन्यातच पूर्ण करून, प्लास्टिकची परीक्षा घेऊन, वर्खही लावून ठेवावा आणि जून-जुलैत फक्त रंगकाम करावे. जूननंतर कोणी नवीन चित्र मागितले तर त्यांना दिवाळीची तारीख द्यावी.