‘तेवढं बघा ना, ताई’: स्कूल बोर्डावर निवडून आलेल्या शिक्षिकेचे तीन वर्षांचे अनुभव

मी न्यू जर्सीत मिडल स्कूलला गणित शिकवते. शिकवते एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे गावच्या सरकारी शाळांच्या हद्दीत), राहते दुसऱ्यात, आणि जिथे राहते तिथल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवरची, म्हणजे त्या शाळांवर देखरेख करणाऱ्या निवडून आलेल्या स्कूल बोर्डावरची, माझी तीन वर्षांची मुदत नुकतीच संपली. गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या तिघी शिक्षिकांनी विचारलं, ‘आम्हीही उभं राहावं म्हणतोय, काय काय लागतं?’ तिघींनाही फोनवर अर्धवटच सांगून झालं, म्हणून आता सगळं नीट लिहून काढते.

कागदपत्रांना घाबरू नका. नागरिकत्व हवं, मतदारयादीत नाव हवं, डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्षाचं वास्तव्य हवं. ज्या डिस्ट्रिक्टकडून पगार घेता तिथल्या बोर्डावर बसता येत नाही, दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये नोकरी असेल तर चालतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीचं पिटिशन, म्हणजे सह्यांसकट उमेदवारी अर्ज, जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी 4 च्या आत काउंटी क्लर्ककडे पोचलं पाहिजे. सह्या माझ्या वेळी फक्त 10 लागायच्या, आता किती लागतात ते क्लर्ककडे विचारून घ्या, पण त्या तुमच्याच डिस्ट्रिक्टमधल्या नोंदणीकृत मतदारांच्या. माझ्या पहिल्या दहातल्या दोन सह्या ग्रीन कार्ड असलेल्या मैत्रिणींच्या निघाल्या. प्रेमाने केलेल्या, पण उपयोग शून्य. लागतात त्याहून पाच-सहा जास्त घेऊन ठेवा. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. पदाला मानधन नाही, एक डॉलरही नाही.

पहिल्या वर्षी मी पडले. तेव्हा फार लागलं, पण आता वाटतं बरंच झालं. पुढचं वर्षभर मी बोर्डाची एकही सभा चुकवली नाही. मागच्या रांगेत बसायचे, अजेंडा छापून न्यायचे, कळलं नाही तिथे खूण करायचे. तुम्हीही आधी वर्षभर सभांना बसा आणि मगच उभ्या राहा, हे माझं ठाम मत आहे. लोक म्हणतात, त्यापेक्षा तिघांचं पॅनल करा, मतं आपोआप येतात. येतातही. पण जानेवारीत शपथ झाली की पॅनलवाले तुमचं मत गृहीत धरायला लागतात, आणि नऊ जणांच्या बोर्डात प्रत्येक ठरावाला तुम्ही कोणाच्या आहात हेच मोजलं जातं. मी दोन्ही वेळा एकटी उभी राहिले. दुसऱ्यांदा दारोदार फिरले, साधारण सहाशे घरं झाली असतील, आणि निवडून आले.

आता ज्या खड्ड्यात मी पडले त्याबद्दल. हे लांबेल, पण वाचा, कारण शिक्षक असाल तर तुम्हीही तिथेच पडण्याची शक्यता आहे.

माझी आई नाशिक जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. आमच्याकडे निवडून आलेला माणूस म्हणजे कामं करून देणारा माणूस. शाळेचं छप्पर गळतंय, जा सदस्याकडे. बदली अडलीय, जा सदस्याकडे. मी अमेरिकेत वीस वर्षं काढली, तरी ही समजूत माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती, आणि मला मत देणाऱ्यांच्याही नाही. शपथ घेऊन सहा आठवडे झाले असतील, एका आईचा फोन आला. मुलगी सहावीत, प्रगत गणिताच्या वर्गातून दोन गुणांनी राहिली. ‘ताई, तुम्ही गणिताच्याच आहात. तेवढं बघा ना.’

तिने परीक्षेच्या पानांचे फोटो पाठवले. मी रात्री बसून तपासले. एका उदाहरणात रीत बरोबर असून गुण कापले होते असं मला वाटलं, आणि आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ त्या शाळेत गेले. गळ्यात बोर्डाचं ओळखपत्र होतं. प्रिन्सिपलना म्हटलं, ‘मी फक्त विचारायला आलेय.’ त्यांनी लगेच त्या वर्गाच्या शिक्षिकेला बोलावून घेतलं. तिशीच्या आतली मुलगी, फाइल छातीशी दोन्ही हातांनी धरलेली, खुर्ची समोर असून उभीच राहिली. प्रश्न माझा होता, पण उत्तर देताना तिची नजर सारखी प्रिन्सिपलकडे जात होती. तशी मी स्वतः उभी राहिलेय, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हाच मला उठून जायला हवं होतं. मी बसून राहिले आणि उदाहरण समजावून सांगितलं.

महिन्याभरात माझ्याविरुद्ध राज्याच्या स्कूल एथिक्स कमिशनकडे तक्रार गेली.

यात चूक काय झाली, ते मला कळायला बरेच दिवस लागले, म्हणून फोड करून सांगते. बोर्डाच्या एकट्या सदस्याला काहीही अधिकार नसतो. अधिकार बोर्डाचा, आणि बोर्ड म्हणजे आगाऊ नोटीस देऊन भरलेली जाहीर सभा. सदस्यांची जी आचारसंहिता कायद्यातच घातलेली आहे, ती सांगते की शाळा चालवणं तुमचं काम नाही, शाळा नीट चालतात ना हे सगळ्यांनी मिळून पाहणं तुमचं काम. तक्रार आली तर ती सुपरिंटेंडंटकडे, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रशासनप्रमुखाकडे, पाठवायची, आणि प्रशासनाच्या पातळीवर ती सुटली नाही तरच बोर्डाने हात घालायचा. हे मी वाचलं होतं. नव्या सदस्यांना पहिल्या वर्षी स्कूल बोर्ड्‌स असोसिएशनचं प्रशिक्षण सक्तीचं असतं, तेही माझं झालं होतं. तरीही माझ्या मनात हेच, की मी कुठे काय हुकूम दिला, मी तर फक्त विचारलं.

पण त्या शिक्षिकेच्या बाजूने बघा. न्यू जर्सीत नव्या शिक्षकाला टेन्युअर, म्हणजे नोकरीत कायमपण, मिळायला चार वर्षं लागतात. तोवर दर वर्षी 15 मेच्या आत नोकरी पुढे चालू राहणार की नाही हे कळवलं जातं. नाव सुपरिंटेंडंट सुचवतात, मत बोर्ड देतं. म्हणजे फेब्रुवारीत तिच्यासमोर बसून गुण का कापले विचारणारी बाई एप्रिल-मेमध्ये तिच्या नोकरीवर मत देणाऱ्या नऊ जणांतली एक होती. अशा माणसाचा प्रश्न हा नुसता प्रश्न राहत नाही. आणि आता त्या विद्यार्थिनीच्या बाजूने बघा. तिच्या आईने रीतसर पायऱ्या चढत प्रकरण बोर्डापर्यंत आणलं असतं, तर मी त्यात आधीच गुंतलेली म्हणून मला बाजूला बसावं लागलं असतं. जिथे माझ्या मताला खरंच किंमत होती, तिथलं मतच मी घालवून बसले होते.

प्रकरण नऊ महिने चाललं. समज देण्याची शिक्षा झाली. सदस्यत्व निलंबित करणं, काढून टाकणं इथपर्यंत कायदा जातो, त्या मानाने ही सगळ्यांत खालची. पण ती जाहीर असते, नावानिशी. माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांनी वाचली. त्या शिक्षिकेची क्षमा मागायची फार इच्छा होती. तिला पुन्हा गाठणं म्हणजे तीच चूक पुन्हा करणं होतं, म्हणून नाही मागितली. ते अजून मनात आहे.

त्यानंतर मी फोनवर एकच वाक्य बोलत आले: ‘आधी शिक्षिकेला भेटा, मग प्रिन्सिपलना, मग सुपरिंटेंडंटच्या ऑफिसला लिहा, मी मध्ये पडले तर तुमचंच काम बिघडेल.’ लोक नाराज होतात. एका काकांनी मला मराठी मंडळाच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर विचारलं, ‘मग तुला मत कशाला दिलं?’ त्यांना समजावून सांगायला वीस मिनिटं लागली आणि तरी पटलं नाही. याची तयारी ठेवा.

दुसरी गोष्ट कळल्यावर मला धक्काच बसला होता. शिक्षकांचा करार हा माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याचा विषय, तिथेच आपला उपयोग होईल असं धरून मी चालले होते. पण मी नोकरीच्या गावी ज्या राज्यव्यापी संघटनेची सभासद, तिचीच शाखा इथल्या शिक्षकांच्या वतीने वाटाघाटीला बसते. त्यामुळे वाटाघाटींच्या चर्चेत मला बसताच येत नव्हतं. बोर्डाच्या वकिलांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं आणि त्या चर्चेपुरती मी दाराबाहेर. तुम्ही संघटनेत असाल तर हे उभं राहण्याआधी लेखी विचारून घ्या.

मार्गदर्शक कोणाला करावं? बोर्डातल्या ज्येष्ठ सदस्याला करू नका. माणूस चांगला असतो, पण त्याच्या जुन्या भांडणांचा वारसा तुमच्याकडे येतो. मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते डिस्ट्रिक्टचा पैशाचा कारभार बघणाऱ्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरच्या ऑफिसने. काही अपवाद सोडले तर शाळेचा कर वर्षाला 2 टक्क्यांच्या वर वाढवायचा नाही, आरोग्य विम्याचा खर्च मात्र त्याहून वेगाने वाढतो, आणि राज्याकडून किती मदत येणार हे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कळत नाही. बजेटचा हा पेच समजला की सभेत कोण का ओरडतंय ते समजतं. बजेट वाचायला शिका. गणिताच्या शिक्षकाला ते अवघड नाही.

आणि हो, उभं राहा. हे सगळं वाचून मागे फिरू नका. बोर्डावर शिक्षक नसतो तेव्हा ‘वर्गात हे चालेल का?’ हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो मी अभ्यासक्रमाच्या समितीत विचारला. मुलीचं नाव न घेता, शाळेचं नाव न घेता विचारलं, की एका दिवसाच्या एका परीक्षेवर अकरा वर्षांच्या मुलाची गणिताची पुढची वाट ठरावी का. सुपरिंटेंडंटनी आकडे मागवले. समितीत चार बैठका झाल्या, मग पहिलं वाचन, दुसरं वाचन, मतदान. चौदा महिन्यांनी नियम बदलला. आता वर्षभराचं काम आणि शिक्षकाचं मतही धरतात. मतदान झालं सहा विरुद्ध तीन.

ती मुलगी तेव्हा आठवीच्या उंबरठ्यावर होती, तिला त्याचा काही फायदा झाला नाही. तिची आई पाडव्याच्या कार्यक्रमात भेटली. धाकटा पाचवीत आहे म्हणाली, पुढच्या वर्षी सहावीत जाईल.