प्रदर्शनाला कालवड नेताय? मग या चुका टाळा

मार्गशीर्ष लागला की फोन सुरू होतात. माळेगावची खंडोबाची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, मग ठिकठिकाणची कृषी प्रदर्शनं. पोरांचा प्रश्न ठरलेला: "काका, आठ दिवस राहिलेत. काय चारू म्हणजे कालवड उठून दिसंल?" काही चारू नकोस. आठ दिवसांत अंगावरचं वाळलेलं शेण निघतं, एवढंच.

शिकून परत गावात येऊन गोठा सांभाळणाऱ्या पोरांचं मला कौतुकच आहे. वैताग येतो तो घाईचा. रीलमध्ये पंजाबातली गाय बघायची, गोठ्यातली त्यातल्या त्यात मोठी कालवड निवडायची, शाम्पू आणायचा आणि निघायचं. रिंगणात उभा असलेला पंच त्या कालवडीचं मागचं दीड वर्ष वाचत असतो. बरगडी, पाठ, खूर, कातडी, सगळं बोलतं.

वार पडेपर्यंत चीक न पाजणं

ही चूक पोरांपेक्षा घरातल्या जुन्या माणसांची जास्त. पण पोरं त्यांच्यापुढं बोलत नाहीत, म्हणून त्यांनाच सांगतो. गाईच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगप्रतिकारक घटक मिळत नाहीत. ते सगळे चिकातून येतात, आणि वासराचं आतडं ते जसेच्या तसे शोषून घेतं ते पहिल्या २४ तासांतच. तेही पहिल्या तासाला जेवढं, तेवढं बाराव्या तासाला नाही. वार, म्हणजे वितल्यावर गाईच्या पोटातून बाहेर पडणारी झिल्ली, पडायला आठ-दहा तास सहज जातात. तोवर वासरू उपाशी ठेवलं तर मोठा वाटा वाया गेला.

"आधी चीक काढला तर वार अडकते" असं म्हणतात. उलट आहे. वासरू ढुसण्या देऊन पिऊ लागलं की गाईच्या अंगात जे संप्रेरक सुटतं, त्यानंच पान्हा सुटतो आणि त्यानंच गर्भाशय आकुंचन पावतं. म्हणजे वार पडायला मदतच होते.

माझा नियम असा: नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि तासाच्या आत पहिला चीक. वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा पहिल्या दिवसात, म्हणजे ३० किलोच्या वासराला ३ लिटर, त्यातला निम्मा पहिल्या खेपेला. चांगल्या जुन्या गाईचा जादा चीक मी बाटल्यांत भरून फ्रीजरला ठेवतो, अडचणीला कोमट पाण्यात बाटली बुडवून वापरतो. गॅसवर तापवू नका, खरवस होईल. आणि खऱ्या खरवसाची घाई असलेल्या शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी बोलवा.

शिंगं

संकरित कालवडीच्या शिंगकळ्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरकडून जाळून घ्या, हे बरोबर. पण हेच बघून गीर आणि देवणीच्या कळ्या जाळणारी पोरं आहेत. देशी जातीच्या गटात शिंगाची ठेवण हीच जातीची ओळख असते. गीरचं मागं वळून जाणारं शिंग नसेल तर पंचानं बघायचं काय?

लठ्ठ म्हणजे चांगली, हा गैरसमज

खिल्लार खोंडाच्या डोळ्यानं दुधाची कालवड बघतात, तिथून घोटाळा सुरू होतो. खोंडाचं अंग भरलेलं, गळा जाड, पुठ्ठे गोल असले की शिट्ट्या पडतात. दुधाच्या कालवडीत हे सगळं उणं धरतात. मान बारीक, खांदा धारदार, बरगड्या रुंद आणि मागं झुकलेल्या, कातडी चिमटीत सहज येणारी पाहिजे. शेवटच्या एक-दोन बरगड्या अंधुक दिसल्या तर घाबरायचं कारण नाही.

खरं नुकसान पुढं होतं. साधारण तिसऱ्या ते नवव्या महिन्यात कालवडीच्या कासेतला दुधाचा पेशीजाल शरीरापेक्षा वेगानं वाढतो. त्या काळात मक्याचा भरडा आणि कणकेचे गोळे ढकलत राहिलात तर कासेत चरबी भरते. पुढं ती गाय दिसायला पैलवान आणि दुधाला बेताची. शिवाय गाभण राहायला त्रास आणि विताना अडण्याची भीती. हिरवा चारा, वाळला चारा, प्रथिनं असलेला खुराक आणि खनिज मिश्रण, एवढंच पुरतं. पण ते रोज द्यावं लागतं, म्हणून कुणाला आवडत नाही.

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, शिंप्याचा टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीखालच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी इंचात मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे अंदाजे किलो. घेर ६० आणि लांबी ५० भरली तर वजन २७२ किलोच्या आसपास, म्हणजे होल्स्टिन संकरित कालवड भरवायला, म्हणजे गाभण करायला, तयार. महिन्यातून एकदा, सकाळी पाणी पाजायच्या आधी मोजायचं आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहायचं. दिवसाला अर्धा किलोच्या आगेमागे वाढ दिसली की झालं. ॲप आहेत म्हणे यासाठी. असतील.

म्होरकी आदल्या दिवशी घालणं

एका तालुक्याच्या प्रदर्शनात बघितलेली गोष्ट. संकरित कालवड, खरंच देखणी, तिच्या गटात पहिली येईल अशी. मालक कॉलेजातला पोरगा. कालवड जन्मापासून दावणीला, कधी रस्ता बघितलेला नाही. नवी कोरी म्होरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी), नवा कासरा, आणि पोरानं कासऱ्याचे तीन वेढे मनगटाला घेतलेले, हातातून सुटू नये म्हणून. निवेदकानं माइक ठोकला, पाठोपाठ पाहुण्यांच्या स्वागताची हलगी सुरू झाली. कालवड उभ्याउभ्या फिरली आणि सुटली. पोरगा मागं फरफटत. पशुखाद्याच्या स्टॉलचा मंडप पाडला, दोन खुर्च्या मोडल्या आणि कुंपणाच्या तारेला जाऊन थांबली. पोराचं मनगट मोडलं, कालवडीचा गुडघा सोलला. पंचांनी तिला बघितलंच नाही. पोराचे वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "गोठ्यात लई गरीब आहे हो ती." असेलच. गोठ्यात हलगी वाजत नाही.

कासऱ्याचा वेढा हाताला घ्यायचा नाही, कधीच. उरलेला कासरा घडी घालून मुठीत धरायचा, सोडायची वेळ आली तर मूठ उघडली की सुटला पाहिजे. हे मी सांगतो तेव्हा पोरं मान डोलावतात आणि पाच मिनिटांत पुन्हा वेढा घेतात.

शिकवायला सुरुवात वासरू दोन-तीन महिन्यांचं असताना करा. तेव्हा ते तुमच्यापेक्षा हलकं असतं. आधी म्होरकी घालून नुसतं बांधायचं, मग संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. ओढायचं नाही. ताण द्यायचा, पाऊल टाकलं की लगेच ढील. चालायला लागली की थांबायला शिकवा, कारण रिंगणात चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त असतं. पुढचे पाय किंचित उंचावर येतील अशी जागा बघून उभी करा, खड्ड्यात पुढचे पाय गेले की चांगली पाठही वाकडी दिसते. मी तर जनावर रोज डेअरीवरून फिरवतो. कॅन आपटतात, मोटारसायकली फटफटतात, कुत्री भुंकतात. तिथं जी शांत उभी राहिली तिला हलगीचं काय वाटणार? गोठ्यात रेडिओ लावून ठेवणारे आहेत, तेही चालतं. झोपेची किंवा गुंगीची गोळी चारणारे भेटले तर त्यांच्याशी बोलू नका.

कास तुंबवणं

याच्यावर मी पोरांशी भांडलोय. कास भरलेली दिसावी म्हणून आदल्या सकाळपासून धारच काढायची नाही. गाय मागचे पाय फाकवून उभी, सडांतून दूध टपकतंय, आणि लोक म्हणतात वा, काय कास आहे! ताणामुळं सडाचं तोंड उघडं पडतं, गाय यात्रेच्या घाणीत बसते आणि जंतू आत जातात. चार दिवसांनी दगडी, म्हणजे कासेला सूज, झाली म्हणून फोन. एक सड कायमचा गेला तर बक्षिसाची ढाल गव्हाणीत ठेवून काय उपयोग?

शिवाय जाणकार पंच फसत नाही. तो हात लावून बघतो, शंका आली तर दूध काढायला लावतो. चांगली कास दूध काढल्यावर रिकाम्या पिशवीसारखी सैल पडते, मांसल कास तशीच फुगलेली राहते. दूध स्पर्धेत तर आदल्या धारेला पर्यवेक्षकांसमोर गाय पूर्ण निथळून घेतात आणि मोजणी तिथून पुढची. मग तुंबवून मिळवलं काय? आणि पान्ह्याचं इंजेक्शन मारायचा विचार असेल तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला घातक असं काही टोचणं हा त्याच्या १२ व्या कलमाखाली गुन्हा आहे.

बाकी किरकोळ, पण दर वर्षी दिसणारं

झूल, गोंडे, घुंगरमाळ पोळ्याला. पंचाला पाठ बघायची असते.

खूर आदल्या दिवशी कापले की रिंगणात लंगडते. महिनाभर आधी कापा.

दात बघून गट निवडा. दोन दाती कालवड आदत (दुधाचे दात अजून न पडलेल्या) गटात घुसवणाऱ्याला वाटतं तोंड कोण उघडणार? पंचाचं पहिलं काम तेच असतं.

कानात ओळख क्रमांकाचा १२ अंकी बिल्ला नसेल तर घरीच थांबा. लाळ्या-खुरकुताची लस निदान तीन आठवडे आधी झालेली हवी, फाटकावर टोचून उपयोग नाही.

चारा घरचा न्या. तिथलं फुकटचं पशुखाद्य पोटभर चारलं की रात्री पोट फुगतं. पाण्याचा वास बदलला तरी काही जनावरं तोंड लावत नाहीत, म्हणून मी आधीचे काही दिवस घरच्या पाण्यात थोडा गूळ टाकतो आणि तिथंही तोच टाकतो. पितात.

थंडीत संध्याकाळी आंघोळ नको. दुपारी उन्हात घाला, अंग चोळून कोरडं करा.

घरी आल्यावर

सत्कार, गुलाल, फोटो, आणि कालवड थेट दावणीला बाकीच्यांच्या मधे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा सरकारनं बाजार आणि प्रदर्शनं बंद का केली होती, हे इतक्यात विसरलात? बाहेरून आलेलं जनावर निदान १५ दिवस, जमलं तर २१ दिवस वेगळं बांधा. तिचं दावं, बादली, घमेलं वेगळं. तिची धार आणि वैरण सगळ्यात शेवटी, आणि तिकडून आल्यावर हात-पाय धुऊनच दुसऱ्या जनावराकडं. ताप, लाळ, अंगावर गाठ, यातलं काही दिसलं तर डॉक्टरला फोन आधी करा, फोटो ग्रुपवर मग टाका.