देवाचा न्याय रोजच्या वागण्यात कसा आणायचा, सुरुवात पैशापासून करा

देवाचा न्याय म्हटलं की आपल्याला शेवटचा दिवस, सिंहासन, आग असलंच आठवतं आणि मग तो विषय मेल्यानंतरसाठी राहून जातो. पण बायबलमधली लेवीय आणि अनुवाद ही पुस्तकं निवांत वाचा, तिथे देव तराजूबद्दल बोलतो, मजुरीबद्दल बोलतो, गहाण घेतलेल्या पांघरुणाबद्दल बोलतो.

म्हणून आधी बघा की आज कोणाचे पैसे आपल्याकडे अडकलेत. अनुवादच्या २४व्या अध्यायात सांगितलंय की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, तो आपला असो की परका, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात लागलेला असतो, नाहीतर तो देवाकडे गाऱ्हाणं करेल आणि पाप तुम्हाला लागेल. इथे पैसे बुडवायची गोष्टच नाहीये, नुसता उशीर सुद्धा चालत नाही. मी एकदा गावी जायच्या गडबडीत कामवाल्या मावशींना "आल्यावर देते" म्हणून निघून गेले, दहा दिवसांनी आले तर त्यांनी गॅससाठी उसने पैसे घेतले होते. काही बोलल्या नाहीत, फक्त पगार हातात घेऊन दोनदा मोजला. ते मोजणं अजून डोळ्यासमोर आहे. आता एक तारखेला सकाळीच देते, आणि प्लंबरला "सुट्टे नाहीत, उद्या या" असं तर अजिबात म्हणत नाही, शेजारून आणते.

मग दोन वजनांचं बघा. पिशवीत एक मोठं आणि एक छोटं वजन ठेवू नको, असं अनुवाद २५ मध्ये आहे. आपलं दुकान नाही म्हणून आपण सुटत नाही हं, मुलगी उशिरा आली की ट्रॅफिक होतं आणि सून उशिरा आली की तिला वळण नाही, ही दोन वजनंच आहेत.

अडचण अशी की आपलं वजन आपल्याला दिसत नाही. दावीद राजाला पण दिसलं नव्हतं, आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको घेतली, त्याला लढाईत मरायला पाठवलं आणि निवांत होता. नाथान संदेष्ट्याने त्याला एकुलती एक मेंढी असलेल्या गरिबाची गोष्ट सांगितली, ती एका श्रीमंताने हिसकावून नेली म्हटल्यावर दावीद संतापला, त्याने चौपट भरून द्यावं म्हणाला, आणि मग नाथान म्हणाला, तो माणूस तूच. हेच घरी करा. भांडण कागदावर लिहा, नावं बदला, तुमची जागा समोरच्याला द्या, आणि दुसऱ्या दिवशी वाचून निकाल द्या.

चूक निघाली तर नुसतं सॉरी पुरत नाही. बायबलमधल्याच गणना पुस्तकाच्या ५व्या अध्यायाप्रमाणे कबूल करायचं, पूर्ण भरायचं आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा, म्हणजे ५०० चे ६००. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर चौपट देतो म्हटलं. कोणाची बदनामी व्हॉट्सअॅप ग्रुपवर केली असेल तर चूक त्याच ग्रुपवर कबूल करा, गुपचूप पर्सनल मेसेजवर नको.

शेवटचं, सूड देवावर सोडा हे पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायातलं वचन. मला राग येतो ते हे वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवून गप्प बसवतात तेव्हा, कारण लगेच पुढच्या अध्यायात अधिकारी हा वाईट करणाऱ्याला शिक्षा द्यायला देवाचा सेवक आहे असं लिहिलंय, म्हणजे तक्रार करणं हा सूड नाहीच. तिला वचन ऐकवू नका, तिच्याबरोबर पोलीस स्टेशनला जा.